आभाळमास्तरांची भावकी

रस्त्यात कुणी भेटलं की लोक विचारतात, "काय, बरं आहे ना?" फडतरे सर विचारायचे, "बघितलंत का?"

नवखा माणूस या प्रश्नानं गांगरून जायचा. मीही गेलो होतो. चौऱ्याहत्तर साली माधवनगरचा गिरण्यांचा गजबजाट सोडून खटाव तालुक्यातल्या त्या कोरड्या गावात चित्रकलेचा शिक्षक म्हणून आलो, आणि पहिल्याच सकाळी शेजारच्या अंगणातून दात घासता घासता एका किडकिडीत गृहस्थानं मला विचारलं, "बघितलंत का?" मला वाटलं, गावात रात्री काही भानगड झाली, मारामारी, चोरी, गेला बाजार कुणाची म्हैस तरी सुटली. मी म्हणालो, "नाही बुवा, झोपलो होतो." त्यांनी चूळ टाकली आणि मनापासून हळहळले. "अरेरे! पहाटे काय गुरू दिसत होता!"

हे फडतरे सर आमच्या हायस्कूलात शास्त्र शिकवायचे. गाव त्यांना आभाळमास्तर म्हणायचं आणि त्यांना त्याचा बिलकूल राग नव्हता. चालताना मान कायम वर. त्यामुळं पायाच्या अंगठ्याला बारा महिने चिंधी. सायकल तर सुशीलावहिनींनी कधीच विकायला लावली होती. "एकदा म्हशीवर घातली, एकदा मुख्याध्यापकांवर," वहिनी सांगायच्या. "म्हशीनं काय मनावर घेतलं नाही."

"जरा वर बघा की!" हे त्यांचं पालुपद. वर्गात पोरगं उत्तराला अडखळलं तरी तेच, शिक्षकांच्या खोलीत तासांच्या वाटणीवरून आमची हमरीतुमरी झाली तरी तेच. एकदा दोन भाऊ बांधावरून कुऱ्हाडी घेऊन समोरासमोर उभे राहिले, तेव्हा हे मधे घुसून ओरडले, "अरे, जरा वर बघा की!" दोघांनी दचकून वर बघितलं. वर काहीच नव्हतं. सर म्हणाले, "केवढी जागा आहे बघा. आणि तुम्ही वीतभर मातीसाठी..." कुऱ्हाडी खाली आल्या. पुढं ते दोघे रीतसर कोर्टात भांडले, ते वेगळं.

ग्रहांना सर भावकी म्हणत. "आपलीच की हो. एकाच घरातनं वेगळी निघालेली." गुरू म्हणजे पोट सुटलेला थोरला चुलता. शुक्र म्हणजे बांधाला बांध लागलेला शेजारी. शनीला गाव दर शनिवारी तेल वाहून लांब ठेवायचं, त्याची सरांना फार कणव यायची. "उगाच बदनाम केलाय बिचाऱ्याला. सबंध भावकीत इतकं देखणं कुणी नाही!"

दिवेलागणीला त्यांच्या अंगणात पोरं जमायची. शाळेत नाव नसलेली, दिवसभर मेंढरांमागं हिंडणारीसुद्धा यायची. वहिनी घोंगडं अंथरायच्या, शेंगा भाजायच्या. सांगलीहून आणलेली चष्म्याची भिंगं आणि माझ्या वडिलांनी गिरणीतून दिलेली, कापड गुंडाळायची पुठ्ठ्याची नळी, एवढ्यावर सरांनी दुर्बीण केली होती. ती आतून आणणं आणि परत ठेवणं हे वहिनींचं काम. दुसऱ्या कुणी, अगदी सरांनीही, ते केलेलं त्यांना खपायचं नाही. "तुमी धडपडाल आन तिला घेऊन पडाल," म्हणायच्या. त्या दुर्बिणीतून चंद्र जरा थरथरता आणि कडेनं तांबडानिळा दिसायचा, पण त्याचे खड्डे दिसायचे. पहिल्यांदा बघणारं पोरगं हमखास "आयला!" म्हणायचं. एरवी शिवीला छडी उगारणारे सर खूश होऊन म्हणायचे, "बरोबर! अगदी बरोबर!"

सरांच्या लग्नाला पंधराएक वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. आमच्या दोन घरांमधली भिंत पातळ होती. पोरं परत गेली की पलीकडचा आवाज एकदम थांबायचा, मग नुसती भांडी वाजायची. मला ते ऐकवायचं नाही.

चावडीवर त्यांची आणि बापू पाटलांची जुंपलेली असायची. पाटील म्हणायचे, "मास्तर, हितं हंडाभर पाण्याला बाया कोसभर जात्यात, आन तुमी आभाळातल्या यंत्रांचं कवतिक सांगताय. काय मिळतंय वर?"

"पाटील, पाऊस कुठनं येतो?"

"वरनं."

"मग वरची चौकशी नको करायला? उद्या वरनंच बघून यंत्र सांगेल, ढग कुठवर आलाय. पेरायचं का थांबायचं, ते घरात बसून कळेल तुम्हाला."

"आन ढगच न्हाई आला तर?"

सरांनी प्रामाणिकपणे विचार केला. म्हणाले, "तर तेही कळेल."

सगळी चावडी हसली. सरही हसले. पण घरी येताना मला म्हणाले, "बहात्तरच्या दुष्काळात हे सगळं गाव खडी फोडत होतं. मी संध्याकाळी तिथं जाऊन पोरांना चांदण्या दाखवायचो. लोक म्हणायचे, मास्तर येडा झालाय. अहो, दिवसभर खाली मान घालून दगड फोडलाय त्या लेकरानं. त्याची मान वर करायला माझ्याकडं दुसरं काय होतं?" बोलता बोलता त्यांचा अंगठा ठेचकाळला. चिंधी सुटली.

पंच्याहत्तरच्या एप्रिलात आपल्या देशाचा पहिला उपग्रह वर गेला. रेडिओवर बातमी ऐकून सर सकाळी पिशवीभर साखर घेऊन घरोघर निघाले. हातावर चिमूट चिमूट साखर ठेवायचे, पण आनंदानं गळा इतका दाटलेला की कुणाला धड काही सांगेनात. "झालं! एकदाचं झालं!" एवढंच.

आता वहिनी आईच्या दुखण्यापायी तीन महिने रहिमतपूरला माहेरी राहून आदल्याच संध्याकाळी परतल्या होत्या. आणि पंधरा वर्षं वाट बघितलेला माणूस डोळ्यांत पाणी आणून साखर वाटतोय. गावानं काय समजायचं?

दुपारी बायका आल्या. पुढं पाटलांची आई, कोंडाआजी. कुणाच्या हातात झबली, कुणाच्या डिंकाचे लाडू, आजीच्या हातात तिनं स्वतः शिवून ठेवलेलं लाल खणाचं टोपडं. "कुठाय गं बाळ? दाव की!"

वहिनी दारातच थिजल्या. मागून सर हसत बाहेर आले. "अहो, बाळ कुठलं? उपग्रह! आपल्या देशाचा!"

झबली धरलेले हात खाली आले. मग आजी म्हणाली, "मास्तर, बाईमाणसाची अशी चेष्टा करत्यात व्हय?"

सरांचं तोंड एवढंसं झालं. वहिनींनीच सावरून घेतलं. "असू द्या आजी. आनंदाचीच गोष्ट हाय की. बसा, च्या टाकते." चहा झाला. आणलेलं परत न्यायचं नसतं, म्हणून झबली-टोपडी तिथंच ठेवून बायका एकेक करून निघून गेल्या.

संध्याकाळी सर माझ्या ओट्यावर येऊन बसले. "देशमाने, माझ्या डोक्यातच आलं नाही हो. शपथ सांगतो, डोक्यातच आलं नाही." आभाळ अगदी स्वच्छ होतं. त्यांनी एकदाही वर बघितलं नाही.

चार वर्षं गेली. पोरं येत राहिली, मोठी होऊन फौजेत गेली, त्यांची धाकटी भावंडं घोंगड्यावर बसू लागली. आणि एकोणऐंशीच्या उन्हाळ्यात स्कायलॅब आली. अमेरिकेनं वर सोडलेलं हे घराएवढं यान. त्यात माणसं राहून आली होती. आता ते रिकामं होतं, खाली येत होतं आणि कुठं पडेल ते कुणालाच सांगता येत नव्हतं.

गावानं धीर सोडला. मरायचंच तर खाऊन मरू म्हणून कोंबड्या कापल्या गेल्या. सुट्टीवर आलेल्या एका हवालदारानं परड्यात खंदक खणला आणि बायकोपोरांना शिट्टीसरशी आत उड्या मारायला शिकवलं. सासूनं दोनदा उडी मारली, तिसऱ्यांदा तिनं त्यालाच आत ढकललं. हे सगळं हसण्यावारी गेलं असतं, पण कुणीतरी बोलून गेलं की आभाळमास्तर रोज त्या नळीतनं वर डोळा लावून बसतो. त्यानंच त्या स्कायलॅबला वाट दाखवली. पडली तर मास्तरच्याच अंगणात पडणार.

दुसऱ्या दिवसापासून पोरं यायची बंद.

सर माझ्याकडं धावत आले. माझ्याकडून एका भोपळ्यावर पृथ्वी रंगवून घेतली आणि तो काखेत मारून चावडीवर गेले. "बघा, सगळं पाणीच पाणी. पाटील, डोळे झाका आणि कुठंही बोट ठेवा." पाटलांनी ठेवलं. समुद्र. "पुन्हा." पुन्हा समुद्र. सरांना चेव आला. "आणखी एकदा!" पाटलांनी भोपळा फिरवला, बोट टेकवलं आणि डोळे उघडले. बोट बरोबर हिंदुस्थानावर.

मी चडफडत होतो, की देश जरा लहान काढला असता तर काय बिघडलं असतं!

"बास झालं, मास्तर," पाटील म्हणाले. "पोरं न्हाई यायची. ती पडूस्तवर न्हाई, आन पडल्यावर बी न्हाई. आमच्या पोरांस्नी खालचंच बघू द्या."

सरांच्या मनाला एवढं लागलेलं मी कधी बघितलं नव्हतं. शाळेत शिकवत होते, पण "वर बघा की" तोंडातून येईना. वहिनी मात्र रोज दिवेलागणीला घोंगडं अंथरायच्या, आणि कुणी आलं नाही की झटकून उचलायच्या. भाजलेल्या शेंगा माझ्याकडं यायच्या.

जुलैतल्या एका सकाळी रेडिओनं सांगितलं, स्कायलॅब पडली. काही समुद्रात, काही दूर ऑस्ट्रेलियाच्या ओसाड भागात. कुणाला इजा नाही. हवालदारानं आनंदानं शेवटची शिट्टी मारली. मी सरांचं अभिनंदन करायला म्हणून मागच्या दारी गेलो.

सर न्हाणीच्या दगडावर उघडे बसले होते. सकाळची आंघोळ मघाशीच झालेली. समोर वहिनी पाण्याची कळशी घेऊन उभ्या. आमच्याकडं नात्यातलं कुणी गेल्याचं कळलं की अंगावर पाणी घेतात. लांबचं असेल तर तेवढ्यावर सुतक फिटतं.

"कोण गेलं?" वहिनींनी विचारलं.

"स्कायलॅब."

मला वाटलं, आता कळशी डोक्यात बसते. वहिनी क्षणभर त्यांच्याकडं बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "सख्खं का लांबचं?"

"लांबचं."

"मग आंघोळीवर भागतंय," असं म्हणून त्यांनी सावकाश पाणी ओतलं.

सरांना मी दिसलो. "हसू नका, देशमाने. माणसांसाठी बांधलेलं घर होतं हो ते. माणसं आली, राहिली, गेली. पुढं इतकी वर्षं रिकामंच फिरत होतं. परत कुणी आलंच नाही." मला हसू येतच नव्हतं.

भलत्या वेळी ओल्या डोक्यानं बसलेले सर दूध घालायला आलेल्या बाईनं बघितले, आणि दुपारपर्यंत गावभर झालं की मास्तरांच्यात कुणी गेलं. दिवेलागणीला लोक भेटायला आले. गेलेल्याच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून पिठलं-भाकरीच्या टोपल्या आल्या. पुढं कोंडाआजी, मागं बापू पाटील टोपी हातात धरून, आणि आयांच्या पदराला धरून महिनाभर न दिसलेली पोरं.

"कोण गेलं वं, मास्तर?" आजीनं विचारलं.

सरांना खोटं बोलता येत नसे. ते जमिनीकडं बघत म्हणाले, "आजी... ते वर होतं ते."

तो साखरेचा दिवस माझ्या डोळ्यांसमोर उभा राहिला. आता आजी टोपली उचलणार, पोरं तिच्यामागं जाणार आणि हे अंगण कायमचं मिटणार.

"माणसं व्हती का आत?" आजी म्हणाली.

"आता नव्हती. रिकामं घर होतं."

आजीनं सरांकडं बघितलं, वहिनींकडं बघितलं, मग अंगणाकडं. वहिनींनी सवयीनं अंथरलेलं घोंगडं तिथं तसंच होतं. आजीनं टोपली सुनेच्या हातात दिली. "जा, आत नेऊन ठेव." आणि पोरांवर डाफरली, "उभी का रं? बसा की! रोज बसत व्हता न्हवं?"

पोरं पाटलांकडं बघू लागली. पाटलांनी टोपी डोक्यावर घातली आणि तेच आधी घोंगड्याच्या कडेला टेकले. मग काय विचारता!

"बाई, दुर्बीण?" आजीची नात तानी ओरडली. वहिनी लगबगीनं आत जाऊन दुर्बीण घेऊन आल्या आणि एवढी माणसं बघून गडबडल्या असाव्यात, कारण जे रोज आतच काढून ठेवायच्या ते त्या दिवशी विसरल्या. दुर्बिणीच्या तोंडावर लाल खणाचं टोपडं होतं. बंद व्यवस्थित बांधलेले.

आजीनं ते हातानं चाचपलं. "ह्ये मी शिवल्यालं."

"व्हय, आजी," वहिनी म्हणाल्या. "धूळ लय बसती. लेकराला उघडं कसं ठेवायचं?"

सर बघतच राहिले. चार वर्षं ती दुर्बीण रोज त्यांच्या हातात होती आणि त्यांना हे माहीत नव्हतं. वहिनींनी बंद सोडले, टोपड्याची घडी करून कमरेला खोचली. ढगांच्या फटीतून स्वाती चमकत होती.

"पोरांनो, जरा वर बघा की!" वहिनीच म्हणाल्या.

आजीसकट सगळ्यांनी माना वर केल्या. सर तेवढे वहिनींकडं बघत होते.