अपघातरहित दिवस

आमच्या शेजारच्या पाटणकरकाकांच्या फाटकावर नावाची पाटी नव्हती. काळा फळा होता. त्यावर ठळक अक्षरांत 'अपघातरहित दिवस' आणि खाली खडूने आकडा. नवीन पोस्टमन तो फळा वाचून पत्र फाटकावरूनच आत फेकायचा.

काका अंबरनाथच्या एका केमिकल कारखान्यात तीस वर्षं सेफ्टी ऑफिसर होते. निवृत्त होऊन बदलापूरला आले आणि काकू गेल्यावर त्यांनी परसात मधमाश्यांच्या चार पेट्या ठेवल्या. एकटी माणसं कुत्रा पाळतात. तो निदान कुणाचा आहे हे तरी कळतं.

"माशी चुकत नाही," काका म्हणत. "माणूस चुकतो. मूळ कारण शोधा."

म्हणजे कुणाला माशी चावली की रीतसर चौकशी. दूधवाला बाळाराम सोनिवलीहून यायचा. एकदा त्याच्या मानेला डंख झाला. काकांनी आधी नखाने काटा खरवडून काढला, चिमटीत धरला तर विष आत जातं म्हणून. मग बाळारामला खुर्चीवर बसवून फॉर्म पुढे केला. अपघातसमयीचा पोशाख? काळी घोंगडी. उभे राहण्याची जागा? पेटीच्या तोंडासमोर.

"मना चावली, ना सही पण मीच करू?" बाळारामने विचारलं.

"जखमीची सही लागतेच," काका म्हणाले आणि त्यांनी फळ्यावर शून्य लिहिलं.

पेटी उघडायची तर आदल्या दिवशी आम्हाला नोटीस. "उद्या अकराला दोन नंबर उघडतोय. ऊन असेल, माश्या कामाला गेलेल्या असतील. गजरा, अत्तर, सुगंधी तेल बंद." माझी बायको एका हळदीकुंकवाला गजऱ्याशिवाय गेली आणि तिने कारण 'माश्या' असं सांगितलं. तिथे ते कुणालाच पटलं नाही.

पेट्यांसमोर काकांनी पुरुषभर उंचीचं गोणपाट बांधलं होतं, मुलांच्या डोक्यावरून माश्या उंच उडाव्यात म्हणून. पण त्या घरात मूल नव्हतं. नात होती मिनू, चार वर्षांची, ती पुण्याला. गेल्या मे महिन्यात ती आली असताना तिच्या पापणीला माशी चावली आणि पोर सुजलेल्या डोळ्याने परत गेली. निघताना सून म्हणाली, "बाबा, शंभर दिवस कुणाला माशी चावली नाही, तरच आणीन हिला." बिचारी वैतागून बोलली असावी. बोलायची एक पद्धत असते. काकांनी दुसऱ्या दिवशी फळा विकत आणला.

पहिल्यांदा बाळारामने घात केला. मग पुन्हा एक, दोन, तीन. रोज दिवेलागणीला काका आकडा बदलत आणि दोन पावलं मागे सरकून बघत. तो फळा माझ्या डोक्यात जायचा.

आकडा अठ्ठ्याण्णववर असताना मी माझ्याच अंगणात बनियन वाळत घालत होतो. अंगाला वास नाही, कपडे पांढरे, पेट्या पार पलीकडे. तरी कानाला डंख बसला. मी घरात जाऊन डोक्याला रुमाल बांधला आणि दिवसभर बाहेर पडलो नाही.

संध्याकाळी काका आले. "काय झालं हो?"

"दाढ."

त्यांनी रुमाल सोडला. कान पुरीसारखा फुगला होता. त्यांनी नखाने अलगद काटा काढला. आता फॉर्म येणार, असं मला वाटलं.

"तीन नंबरची असणार," ते एवढंच म्हणाले.

तीन नंबर त्यांची लाडकी. चिंचेच्या ढोलीतून पोळं काढून त्यांनी स्वतः ती पेटी वसवली होती. मध सगळ्यात जास्त तिचा, आणि रागही. राग उतरावा म्हणून तिची राणीसुद्धा बदलून झाली होती.

अंधारताना माश्या आत परतल्या तसं त्यांनी पेटीचं तोंड जाळीने बंद केलं. पेटी माझ्या मांडीवर ठेवून आम्ही रिक्षाने सोनिवलीला निघालो.

"साहेब, रेडिओ बिघडलाय काय? नुसता गुणगुणतोय," रिक्षावाला म्हणाला.

"हो," काका म्हणाले.

बाळारामच्या वाडीत पेटी उतरवून ते तिच्यावर हात ठेवून बराच वेळ उभे राहिले. "उघडताना घाई करू नकोस रे. चिडकी आहे, वाईट नाही."

"राहू दे हिला. फडक्यात बांधून मध आनीन तुमाला," बाळाराम म्हणाला. मध फडक्यात कसा आणणार, हे काकांनी विचारलं नाही.

परत आल्यावर ते फाटकाशी थांबले. हातात खडू. मला भीती वाटली, हे शून्य लिहिणार.

"काका, खरंच दाढ होती," मी म्हणालो.

"तीस वर्षांत मी एकही अपघात लपवला नाही. मॅनेजर हात जोडायचे, तरी नाही."

त्यांनी अठ्ठ्याण्णव पुसलं.

"पण तिथे मला कुणाची वाट बघायची नव्हती हो," ते म्हणाले. खडू दोनदा मोडला. उरलेल्या तुकड्याने त्यांनी नव्याण्णव लिहिलं.