टोचेकाकांचा पडताळा

माणूस भेटला की टोचेकाका आधी त्याच्या डोळ्याची खालची पापणी ओढायचे. रामराम मागाहून. आत लाल दिसलं तर "झकास!" आणि पांढरं दिसलं तर "रक्त नाय, रक्त नाय!" अशी आरोळी. मी लग्न होऊन पोशीरला आले, माप ओलांडलं न ओलांडलं तोच कुणीतरी माझी पापणी खस्सकन खाली ओढली. मी किंचाळले. सासूबाई म्हणाल्या, "भिऊ नको गं, शेजारचे काका हायत. झकास म्हणाले, म्हंजे तू पसंत पडलीस."

एका लग्नात तर अंतरपाट धरलेला असताना त्यांनी नवऱ्या मुलाची पापणी ओढली आणि "याला जंत हाईत" असं सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असं जाहीर केलं. मुलीच्या बापानं भटजींना थांबवून धरलं. मुहूर्त टळायची वेळ आली. शेवटी लग्न लागलं, पण काकांना पार शेवटच्या पंगतीला बसवलं. तिथंही त्यांनी दोन वाढप्यांच्या पापण्या तपासल्या.

उभा जन्म त्यांनी सरकारची देवी टोचायची नोकरी केली. कर्जत आणि खालापूरचा मुलूख पायी तुडवला. या भागातल्या प्रत्येक दंडावर त्यांची खूण आहे, आणि म्हणून ते टोचेकाका. खरं नाव सदाशिव. ते फक्त पोस्टमनला ठाऊक. बायको लवकर गेली, मूलबाळ नाही. वळणावर त्यांची काळी छत्री दिसली की आळीतली पोरं अशी पसार व्हायची की खेळातल्या गोट्या तिथंच राहायच्या. "अरं, मी सुई कवाच ठेवली रं! बघा, खिसे बघा!" असं म्हणत ते खिसे उलटे करायला लागले, की पोरं आणखी जोरात पळायची. आम्ही बायकाही काही कमी नव्हतो. "जेव, नायतर टोचेकाका येतील," हे आमचं रोजचंच.

त्यांचं पालुपद एकच. "सांगोवांगी नको, पडताळा दाखव." सासूबाई एकदा म्हणाल्या, पाल चुकचुकली की बोललेलं खरं होतं. झालं! काका आठ दिवस आमच्या ओटीवर वही घेऊन पालीखाली बसले. नवव्या दिवशी निकाल दिला, "पाल पाटलापेक्षा खोटारडी हाय." पाटील त्यांच्याशी वर्षभर बोलला नाही.

लढाईची वर्षं होती ती. भात पिकवणारं आमचं गाव, पण पिकलेलं बरंचसं सरकारात जायचं आणि आमच्याच पोरांच्या हातापायांच्या काड्या झाल्या होत्या. वर हिवताप होताच. काकांच्या डोक्यात आलं, पोरांना मोड आणलेल्या नाचणीची गूळ घालून पेज रोज द्यावी. आमच्यात नाचणीला नाक मुरडायचे, डोंगरावरचं खाणं म्हणून. काका ऐकतात थोडेच! ते थेट कर्जतला तालुक्याच्या डॉक्टरसाहेबांकडे गेले आणि म्हणाले, तालुक्यातल्या सगळ्या लहान पोरांना सरकारनं ही पेज सुरू करावी. साहेबानं विचारलं, "पडताळा आहे का?"

काकांचाच शब्द काकांच्या तोंडावर आपटला! साहेबानंच रीत सांगितली. अर्ध्या पोरांना पेज द्यायची, अर्ध्यांना नाही. सुरुवातीला आणि चार महिन्यांनी सगळ्यांची वजनं करायची. फरक दिसला तर मंजुरी. काका उड्या मारतच परत आले.

आपपर भाव नको म्हणून चिठ्ठी टाकली. पेज निघाली वरल्या आळीला, आम्ही राहिलो खालच्या आळीत कोरडे. मी कमरेला पदर खोचून भांडायला गेले. "माझ्या यमीनं काय घोडं मारलंय हो काका?"

"तुझी यमी पडताळ्यातली हाय गं! तिला पेज नाय, म्हणून तर त्या पेजेला अर्थ हाय."

"चुलीत घाला तुमचा अर्थ," मी म्हणाले. त्यांनी शांतपणे माझी पापणी ओढली आणि वहीत काहीतरी लिहिलं.

पहिल्या वजनाच्या दिवशी नवाच घोळ. भाताच्या व्यापाऱ्याचा तराजू शाळेच्या आढ्याला टांगला, तर बायका पोरं देईनात. पोर तोललं की दृष्ट लागते! काकांनी तराजूलाच लिंबू-मिरची आणि काळी बाहुली बांधली. "आता लागली तर तराजूला लागंल." मग एकेक पोर टोपलीत. अख्खी शाळा रडण्यानं दणाणून गेली. संध्याकाळी त्यांनी वहीत नोंद केली : तराजूस दृष्ट लागली नाही.

चार महिने वरल्या आळीत पातेलं चढत राहिलं. काका स्वतः ढवळायचे. साहेब आले तेव्हा काकांनी ठेवणीतला कोट घातला होता. सगळ्या तालुक्यातल्या पोरांच्या पेजेचा निकाल त्या टोपलीत लागायचा होता.

वरल्या आळीची पोरं भरली होती. काकांचा चेहरा फुलला. मग खालची आळी चढली. तीही भरली होती! जवळपास तेवढीच! साहेब पोट धरून हसले. "काका, नाचणी न खातासुद्धा पोरं वाढतात, हे तुम्ही झकास सिद्ध केलंत!"

काका खालीच बसले. मला राहवेना. "साहेब," मी म्हणाले, "माझी नणंद गोदी वरल्या आळीत हाय. ती रोज यमीला वाटीभर पाठवायची. मी वाटीत भाजी घालून परत करायची. शेजारपाजारची वाटी रिकामी परत धाडायची आमच्यात रीत नाय."

"मी माझ्या भाचीला धाडायची," वरल्या आळीतली एकजण म्हणाली. "मी धाकट्या जावेला." "मी मामेबहिणीला." अहो, गाव म्हणजे एकच गोतावळा! पदराआड कोण कुठं वाटी नेतंय, या कानाची त्या कानाला खबर नव्हती. मला वाटत होतं, माझी एकटीचीच. सगळ्या एकमेकींकडे बघून तोंडात पदर घालून हसायला लागलो.

साहेब वहीवर बोट ठेवून म्हणाले, "आणि ही तानी? हिचं वजन तर सगळ्यांत जास्त वाढलंय. वरल्या आळीत हिचं कोण?"

तानीची आई रखमा खोपोलीकडून आलेली. गावात तिचं ना सासर ना माहेर. दिवसभर गवताच्या वखारीत राबायची आणि पोर दारात एकटीच बसलेली असायची. तिला वाटी पाठवायचं आमच्यापैकी एकीलाही सुचलं नव्हतं. शरम वाटली मला.

तेवढ्यात टोपलीतून उतरलेली तानी तुरुतुरु निघाली. ती रडली नाही, पळाली नाही. थेट काकांच्या मांडीवर जाऊन बसली आणि त्यांच्याकडे बघून तिनं मोठ्ठा आ केला. रोजची वेळ झाली होती तिची.

काकांनी मान खाली घातली.

साहेब हसायचे थांबले. वही मिटून म्हणाले, "पुढल्या वर्षी दुसऱ्या गावात करा. कडक करा. अर्ध्या पोरांना खरोखरच काही मिळता कामा नये. मग मंजुरी माझ्याकडे लागली."

"नको साहेब," काका हात जोडून म्हणाले. "माझ्याच्यानं नाय व्हायचं. पोर दारात बसून बघत असतं. त्याच्याकडं बघायचं आणि वहीत काय लिहायचं?"

पुरावा नाही, म्हणून मंजुरी नाही. साहेबांचा टांगा गेला. आमच्या वाट्यांनी त्यांचे चार महिने बुडवले होते. गोदी पुढं होऊन म्हणाली, "काका, उद्यापासून घरटी मूठ मूठ नाचणी. पातेलं माझ्या ओट्यावर. दोन्ही आळ्यांची पोरं तिथंच जेवतील."

काकांनी ऐकलं की नाही कोण जाणे. मी जवळ जाऊन बसले. "चुकलं आमचं काका. रागावलात?"

त्यांनी आम्हा एकेकीकडे पाहिलं. खांदे हलायला लागले. मला वाटलं हसताहेत, आणि हसतच होते, पण डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तानी ते बोटानं पुसत होती.

"रागवू कशापायी गं? चार महिने मला घास गोड लागला नाय. वाटायचं, सगळं गाव इमानानं वागतंय, आणि लबाड मी एकटाच."