गैबीसाबचं आजारपण आणि माझी गिटार

गिटारीला तारा सहा आणि माणसाला बोटं दहा. म्हणजे प्रत्येक तारेवर एकेक बोट ठेवलं तरी डोकं खाजवायला चार शिल्लक! एवढा सोपा मामला असताना लोक वर्षानुवर्षं क्लास का लावतात, हे मला कळेना. मी पाटबंधारे खात्यात हेडक्लार्क होतो. ज्या फायलींना हात लावायला साहेब लोक घाबरायचे, त्या मी चहा थंड व्हायच्या आत निकाली काढल्यात. त्या मानानं हे लाकडी खोकं म्हणजे काय! एक महिना, मोबाइलवरचे धडे आणि मी. चौथं काही लागणार नाही, असं मी ठरवूनच टाकलं.

गिटार आमच्या अनीशची. कॉलेजात असताना त्यानं उपोषण करून घ्यायला लावली, आठ दिवस वाजवली आणि पुण्याला नोकरीला जाताना माळ्यावर टाकून गेला. ती मी खाली काढली, त्याला कारण माझी बायको शकुंतला.

शकुंतला आमच्याच गावातल्या शुक्रवार पेठेतल्या एका प्राथमिक शाळेत शिक्षिका. तेहतीस वर्षं नोकरी करून फेब्रुवारीअखेर निवृत्त होणार होती. एका सकाळी भाकरी थापता थापता म्हणाली, "अहो, निरोप समारंभात सगळ्या बायकांचे नवरे दोन शब्द बोलतात. तुम्ही बोलाल ना?"

माइकसमोर मी आयुष्यात एकदाच उभा राहिलोय. ऑफिसातल्या एका सहकाऱ्याच्या शोकसभेत. घाबरून मी शेवटी "त्यांना पुढील वाटचालीसाठी हार्दिक शुभेच्छा" म्हणून खाली बसलो होतो. त्यानंतर मला कुणी बोलायला सांगितलं नाही आणि मीही कुणाला तशी संधी दिली नाही.

"बघू की," मी म्हणालो. तिचा चेहरा उतरला. तेहतीस वर्षांत मी तिच्या शाळेच्या एकाही कार्यक्रमाला गेलो नव्हतो. कधी ऑडिट, कधी मार्चएंड, कधी नुसताच कंटाळा. मला फार वाईट वाटलं.

आणि मग मला ती अफाट कल्पना सुचली. पहिलीच्या मुलांसाठी शकुंतलानं स्वतः रचलेलं एक पाढ्यांचं गाणं आहे. "बे एके बे, चिमणे घरी ये! बे दुणे चार, उघड की गं दार!" पेठेत आज पस्तिशीला आलेली माणसंसुद्धा हिशेब करताना हे मनात गुणगुणतात. हेच गाणं आपण समारंभात गिटारवर वाजवायचं! न बोलता बोलल्यासारखं होईल. आणि तिला आधी काही कळू द्यायचं नाही.

ती शाळेत गेल्यावर मी दार लावून बसलो. पहिल्या दिवशी सूर लावताना खुंटी उलटी पिळली आणि तार तुटून नाकावर बसली. दुसऱ्या दिवशी नवी तार लावून वाजवायला लागलो, तर शेजारच्या चन्नप्पांनी कडी वाजवली.

"साहेब, मिक्सर बिघडला काय? आमच्या ओळकीचा मेस्त्री हाय की. पाठवून देतो."

घरात जमणार नव्हतं. मी गैबीसाबकडं गेलो. गैबीसाब शेख माझा शाळेपासूनचा दोस्त, चादरींचा व्यापारी. सगळं ऐकून त्यानं मांडीवर थाप मारली.

"वेणीभाई, माझ्या गोदामात या की! चारी बाजूला चादरींच्या गाठी हायत. आत तुमी बोंबललात तरी भाईर कुत्रं वळून बघायचं न्हाय!"

खरोखर, काय आवाज यायचा त्या गोदामात! मऊ, गोल, साय धरल्यासारखा. तारेचा खरखराट, बोट घसरल्याचा किंचाळा, सगळं चादरी गिळून टाकायच्या. "एकदम मख्खन!" गैबीसाब म्हणायचा. श्रेय मी माझ्या बोटांना देत होतो. फक्त एक अडचण होती. डाव्या हाताच्या बोटांवरून नजर काढली की बोटं चुकायची, त्यामुळं मान खाली घालूनच वाजवावं लागायचं. पण ते नम्र दिसेल, असं आमचं दोघांचं मत पडलं.

आता मुख्य घोटाळ्याकडं येतो. रोज संध्याकाळी पाच ते सात मी गायब. चौथ्या दिवशी शकुंतलानं विचारलंच, "कुठं जाता हो रोज?"

"गैबीसाबला बरं नाही," माझ्या तोंडून निघून गेलं.

"अगंबाई! काय झालं भाऊजींना?"

"ताप."

पण ताप असा किती दिवस टिकणार? आठवड्यानं तो मला वाढवावा लागला. "आतलं काहीतरी आहे," मी म्हणालो.

"आतलं म्हणजे?"

"डॉक्टरांनी अजून नाव सांगितलेलं नाही. संध्याकाळी हॉस्पिटलात सलाइन लावतात, मी शेजारी बसतो."

"आणि माजिदाभाभी? नवऱ्याजवळ त्या नाही बसत?"

"भाभींना यातलं काही माहीत नाही!" मी घाईघाईनं म्हणालो. "दिवसभर तो दुकानात बसतो, वरून काही दिसत नाही. घरी कळवायचं नाही अशी त्यानं शपथ घातलीय मला. तूही फोन करू नकोस. भेटायलाही नको. तुला बघून रडेल तो."

शकुंतलाच्या डोळ्यांत पाणी आलं. दुसऱ्या दिवसापासून डबा सुरू झाला! मऊ भात, मुगाचं वरण, तांदळाची पेज. मी तो गोदामात न्यायचो आणि आम्ही दोघं गाठींवर बसून खायचो. गैबीसाब बिचारा तिखट खाणारा माणूस. चार दिवसांनी काकुळतीला आला.

"वेणीभाई, भाभीला सांगा की, आजारी मान्साला बी जरा शेंगाचटणी चालती म्हनून! हे पांढरं खाऊन मी खरंच आजारी पडंन!"

एकदा शकुंतलानं माझा डावा हात धरला. बोटांच्या टोकांना तारांचे काळे वळ पडले होते.

"हे काय?"

"सलाइनची नळी धरून बसतो ना."

तिनं त्या बोटांना खोबरेल तेल लावलं. चोळता चोळता म्हणाली, "तुम्ही शाळेत कधी आला नाहीत म्हणून मी मनात राग धरायची. पण मित्रासाठी एवढं करता, हे मला माहीत नव्हतं." वाचकहो, त्या क्षणी तरी मी खरं सांगायला हवं होतं. जीभ उचललीसुद्धा होती. पण समारंभाला फक्त नऊ दिवस उरले होते आणि तिसरी कॉर्ड नुकतीच बसत होती! तिनं गैबीसाबसाठी सोमवार धरले.

समारंभाचा दिवस उजाडला. तिनं ठेवणीतली इरकल नेसली, पण तोंडावर आनंद नव्हता.

"आज संध्याकाळी भाऊजींजवळ कोण बसणार?" तिनं विचारलं.

"एक दिवस राहील की एकटा," मी म्हणालो. "उद्या सगळं ठीक होईल बघ."

आमचा बेत पक्का होता. गैबीसाबनं गिटार चादरीत गुंडाळून शाळेच्या मागच्या दारानं आणायची आणि पडद्यामागं लपून राहायचं. मरणाच्या दारातला माणूस हॉलमध्ये समोसे खाताना दिसायला नको! मुलींचा नाच झाला की पडदा पडेल, मी जागेवर बसेन, पडदा उघडेल. गाणं संपलं की गैबीसाब ठणठणीत उभा राहील आणि मी सगळं कबूल करीन. ती आधी रागावेल, मग हसेल. हसणारच! तिच्यासाठी समोर लाल मखमलीची खुर्ची मांडली होती आणि शेवटी तिचं भाषण होतं. त्या भाषणासाठी ती पंधरा दिवस कागद लिहीत आणि फाडत होती.

नाच संपला. मी पडद्यामागं स्टुलावर बसलो. बाहेर काहीतरी गलका ऐकू आला.

"लई उत्साह हाय पब्लिकला!" गैबीसाब कुजबुजला. गुरुशांत शिपायानं दोरी ओढली. मी मान खाली घातली आणि पहिला हात मारला.

भांड्यांच्या दुकानातली फळी कोसळावी तसा आवाज झाला! वर पत्र्याचं छत, खाली फरशी आणि हॉलभर एक चादर नाही! माझ्या बोटांनी महिनाभर खरोखर काय केलं होतं, ते मला पहिल्यांदाच ऐकू आलं. पहिल्या रांगेतली एक चिमुरडी मोठ्यानं "आईऽऽ" म्हणाली. पण मी थांबलो नाही. तेहतीस वर्षांनी आलोय, आता उठायचं नाही! "बे दुणे चार"ला पोरं गायला लागली. मग शिक्षिका. मग मागं बसलेले आईबाप. माझी गिटार त्या आवाजात पार बुडून गेली आणि गाणं फार सुंदर झालं हो! शेवटचा हात मारून मी मान वर केली.

लाल खुर्ची रिकामी होती. हार खुर्चीच्या हातावर लटकत होता.

मुख्याध्यापिका श्रावणी मॅडम धापा टाकत स्टेजवर आल्या आणि मग सगळं कळलं. नाच संपता संपता माजिदाभाभी आल्या होत्या. हसत, नटून, शेंगापोळीचा डबा घेऊन. शकुंतलानंच त्यांना महिन्यापूर्वी आमंत्रण दिलं होतं! भाभींनी सहज विचारलं, "हमारे ये कुटं दिसेनात? दोपहरलाच निघाले की, तुमच्या कार्यक्रमाला जातो म्हणून!" शकुंतलानं हॉलभर बघितलं. गैबीसाब नाही. म्हणजे वाटेत कोसळले! तिला राहवलं नाही. तिनं सगळं सांगून टाकलं. आणि भाभींना ते लगेच पटलं, कारण पंधरा-वीस दिवस नवरा रात्री घरी घासभरसुद्धा जेवत नव्हता! आमची पेज खाऊन जात होता ना! दोघी रडत रिक्षात बसल्या. "यांना सांगा, मी हॉस्पिटलात गेले," एवढंच शकुंतला म्हणाली. तिची पर्स, मोबाइल, सगळं खुर्चीखालीच होतं, आणि भाभींचा फोन घरी चार्जिंगला.

आम्ही गैबीसाबच्या स्कूटरवरून सुटलो. पहिल्या हॉस्पिटलात खिडकीतल्या बाईंनी विचारलं, "पेशंटचं नाव?"

"गैबीसाब शेख."

"आत्ताच दोन बायका रडत याच पेशंटला शोधून गेल्या. आहे कुठं हा पेशंट?"

"हा काय," मी म्हणालो, "स्कूटर लावतोय."

त्या बाईंनी माझ्याकडं जसं बघितलं, तसं कुणी बघण्याची वेळ तुमच्या वैऱ्यावरही न येवो. दुसऱ्या हॉस्पिटलात तेच. तिसऱ्यात तर वॉचमननं गैबीसाबला हात लावून बघितलं! सगळीकडं त्या दोघी पाच मिनिटांपूर्वी येऊन गेलेल्या. शेवटी हरून आम्ही शाळेत परतलो, तेव्हा सहा वाजून गेले होते.

हॉल रिकामा. पोरं घरी गेलेली, पाहुणे गेलेले, समोसे संपलेले. गुरुशांत खुर्च्या एकात एक घालत होता. आणि त्या लाल खुर्चीशेजारी शकुंतला आणि भाभी उभ्या होत्या. नुकत्याच आल्या होत्या.

शकुंतलानं गैबीसाबला बघितलं आणि धावत आली. "भाऊजी! तुम्ही उभे कसे? आधी बसा!" तिनं त्याला हाताला धरून स्वतःच्या खुर्चीत बसवलं. गैबीसाब बसला, आणि ताडकन उठला.

"भाभी, मला कायबी झालेलं न्हाय. घोड्यासारखा हाय मी. ते... ते गिटार..."

सगळं त्यानंच सांगितलं. भाभींनी शेंगापोळीच्या डब्यानं त्याच्या पाठीत दोन तडाखे दिले. शकुंतलानं मला काही केलं नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती त्या रिकाम्या हॉलकडं बघत राहिली. तेहतीस वर्षांनी एकदा तिच्यासाठी भरलेला हॉल मी रिकामा केला होता! फार, फार वाईट वाटलं मला.

मग तिनं खुर्चीखालची पर्स उचलली. आतून घडी घातलेला कागद काढला.

"गुरुशांत, कुलूप पाच मिनिटं थांबव. बस इथं. तुम्हीही बसा सगळे."

आम्ही चौघं पहिल्या रांगेत बसलो. ती समोर उभी राहिली, पदर सारखा केला आणि भाषण वाचायला लागली. माइकशिवाय, वर्गात वाचतात तसं खणखणीत. पोरांचे आभार मानले. खिचडी शिजवणाऱ्या मावशींचे मानले. स्वतःचं नाव आल्यावर गुरुशांतनं डोळे पुसले.

"आता माझ्या यजमानांविषयी," तिनं वाचलं. "यांना संगीतातलं काही कळत नाही, चारचौघांत बोलता येत नाही, पण तेहतीस वर्षांत हा माणूस माझ्याशी एकदाही खोटं..."

ती थांबली. गुरुशांतकडं हात पुढं करून म्हणाली, "पेन दे रे."

त्याच्या खिशात लाल पेन होतं. तिनं कागद स्टेजच्या कडेवर ठेवला आणि 'पण'पासून पुढचं सगळं एका सरळ रेघेत खोडलं. त्याआधीचं मात्र तसंच ठेवलं, आणि पुन्हा एकदा मोठ्यानं वाचलं!