तांबड्या गाईवरील स्वारीची हकीकत

लेखनसीमा राखून विनंती ऐसीजे : सासरेबुवांच्या धाकट्या कन्येने आपल्या नवऱ्यास हुकूम केला की, सहलीत जे घडले ते तिखटमीठ न लावता लिहून ठेवावे. त्यावरून आज्ञाधारक जावयाने साद्यंत मजकूर लिहिला. तिखटमीठ लागलेच असेल तर ते मूळ प्रसंगातच होते, लेखकाकडे बोल नाही.

सासरेबुवा म्हणजे निवृत्त हेडक्लार्क, नजर करडी, आवाज त्याहून करडा. त्यांचा चाळीस वर्षांचा लौकिक ऐसा की, लहानपणी रोज पहाटे अकरा गाईंचे दूध एकहाती काढीत. हा लौकिक हरएक समारंभात, हरएक चहाच्या कपावर जाहीर होत असे आणि ऐकणाराने 'वा!' म्हणावे ऐसा रिवाज पडला होता. सासूबाई तेवढ्या वेळात आत जाऊन काहीबाही आवरीत.

त्यास परमुलखी, सहलीचे चवथे दिवशी, सायंकाळी पाचाचे सुमारास सरोवर ओलांडून पैलतीरीच्या शेतवाडीवर चाल करावी ऐसी टूरवाल्याची मसलत ठरली. मग अडतीस असामी लाइफ जॅकेटांची चिलखते चढवून बोटीवर दाखल जाहले, आणि खासा सासरेबुवा यांणी खिडकीची जागा काबीज केली, आणि अकरा गाईंची हकीकत पुढील बाकास, मग मागील बाकास, आणि मग भाषा न समजणाऱ्या नावाड्यासही ऐकविली. नावाडी भला माणूस, त्याने मान डोलावली.

पैलतीरी गोठेवाल्या बाईंनी एक तांबडी गाय पुढे आणिली आणि खुणेने पुसले की, कोणी दूध काढू पाहतो काय? त्यासरशी सगळ्या फौजेची बोटे सासरेबुवांकडे वळली. मोठा बाका प्रसंग! कारण खरे वर्तमान ऐसे की, बुवांनी आजन्म दूध पाहिले ते पिशवीतले. चाळीस वर्षांची अब्रू तीन पायांच्या स्टुलावर येऊन ठेपली.

परंतु माघार घेतील तर ते सासरेबुवा कसचे! बाह्या सरसावून बसले, आणि शर्थ केली, आणि घाम गाळिला, आणि बादलीत पडला तो घामच. मग गाईने मान वळवून एकवार नीट पाहिले आणि शेपटीचा तडाखा ऐन चष्म्यावर दिला. फौजेत कोणी खुदकन हसले. बुवांनी जाहीरनामा काढिला की, इकडील गाईस आपली रीत ठाऊक नाही. कोणी 'वा!' म्हटले नाही. बुवांचे कान लाल जाहले, आणि खरे सांगतो, जावयासही त्या घडीस फार वाईट वाटले.

तेव्हा सासूबाईंनी पर्स लेकीच्या स्वाधीन केली आणि "सरा जरा" म्हणोन हुकूम केला. गाईच्या पाठीवरून हात फिरविला, कानाशी काही पुटपुटल्या आणि मग बादलीत धार वाजू लागली ती फेस काठोकाठ येईतो थांबली नाही. एकच कल्लोळ उठला. हे कोठे शिकलात ऐसे सर्वांनी पुसले. सासूबाईंनी खाली मान घालून बसलेल्या नवऱ्याकडे पाहिले.

"यांच्याकडूनच," त्या म्हणाल्या. "चाळीस वर्षं ऐकतेय ना!"

अब्रू वाचली. फौजेने बुवांच्या पाठीवर थापा मारिल्या आणि बोट परत फिरली. परंतु बुवांस चैन पडेना. मग सासूबाईंच्या अंमळ जवळ सरकून हलक्या आवाजात पुसते जाहले, "त्या अकरा गाई तुझ्या माहेरच्या ना गं? लग्नानंतर तूच सांगितलं होतंस मला."

"तेरा होत्या," सासूबाई म्हणाल्या. "तुम्ही पुरतं ऐकलंत कुठे!"

यावर सासरेबुवा हलत्या बोटीत उठोन उभे राहिले, आणि अडतीस असामींस करड्याच आवाजात कळविले की, गाई हिच्या, दूधही हीच काढी, आपण एकीसही कधी हात लाविला नाही. आणि खाली बसोन म्हणाले, "हं, सांग आता. पहिलीपासून."

मग सासूबाईंनी किनारा लागेतो तेराही गाई नावा-रंगासह सांगितल्या, आणि बुवा यांणी पाऊण तासात मध्ये एक शब्द बोलिला नाही. ऐसी फत्ते या घराण्यात पूर्वी कधी जाहली नव्हती, ती येथे दाखल केली असे.