आगाशेकाकूंचा बर्फ

आमच्या आगाशेकाकू रोज सकाळी मासळीबाजारात जातात. यात काय एवढं, असं कोलकात्यात कुणीही म्हणेल. पण काकूंच्या घरात आजवर अंडंसुद्धा आलेलं नाही. कुणी केक आणला तर त्या डब्यावरची बारीक अक्षरं दारातच वाचतात आणि जरा शंका आली की केक पाहुण्यासकट जिन्यावरच राहतो. अशा काकू पदर नाकाला लावून, साडी घोट्याच्या वर धरून, बागबाजारच्या ओल्या फरशीवरून थेट मासेवाल्या निमाईदांच्या ठेल्यापर्यंत जातात. समोर पसरलेल्या रुई-कातला माशांकडे ढुंकूनही बघत नाहीत. पिशवी पुढे करतात आणि म्हणतात, "बोरोफ."

फक्त बर्फ. मासा नको.

निमाईदांना पहिले काही दिवस ही थट्टाच वाटली. मग सवय झाली, आणि सवयीनंतर चेष्टा सुरू झाली. पूर्वी कधीतरी मराठ्यांच्या स्वाऱ्या अडवायला याच बागबाजारातून खंदक खणायला घेतला होता. इथले लोक त्या मराठ्यांना बोरगी म्हणतात आणि ते अजून विसरलेले नाहीत. "माशिमा," निमाईदा बंगालीत म्हणतात, "बोरगी लोक नुसता बर्फच लुटणार हे आधी कळलं असतं, तर आमच्या पूर्वजांनी एवढी माती उपसली नसती." माशिमा म्हणजे मावशी. काकू हसत नाहीत. "वजन नीट करा," म्हणतात.

हा सगळा खटाटोप एका कांद्यासाठी. खायच्या नव्हे. तुर्कस्तान-इराणकडच्या डोंगरउतारांवर एक रानटी आयरिस उगवतो. जाळीदार सालीचा, लसणीच्या गड्डीएवढा कांदा. हिवाळाभर बर्फाखाली झोपतो आणि बर्फ वितळायला लागला की वीतभर वर येऊन निळंजांभळं फूल देतो, पाकळीवर पिवळा पट्टा. काकूंनी तो पहाडातल्या एका रोपवाटिकेतून मागवला. तिथला माणूस फोनवर भलेपणाने म्हणाला, "मॅडम, खाली मैदानी प्रदेशात हा फुलत नाही." इथेच तो चुकला. काकू बँकेत मॅनेजर होत्या. "होत नाही" हे वाक्य त्या कर्जदाराकडूनही ऐकून घेत नसत.

दिवाळीत, कालीपूजेच्या सुमारास पार्सल आलं. मी खालच्या मजल्यावर राहतो, नोकरी न्यू टाउनला, आणि इमारतीत दुसरं मराठी घर नाही, त्यामुळे साक्षीला मी. "फ्रिजमध्ये ठेवा की," मी म्हणालो.

"फ्रिजमध्ये पेरू असतात. पिकल्या फळाच्या वासाने कांद्यातली कळी मरते. आणि समीर, फ्रिजात गारठा असतो, थंडी नसते."

मग निमाईदांकडून थर्माकोलचा खोका आला. आत कुंडी, भोवती बर्फ. खोका काकूंनी आधी शिकेकाईने धुतला, मग लिंबाने, शेवटी गंगाजल शिंपडलं. खोका पवित्र झालाच असणार, पण ते मांजरांना कुणी कळवलं नाही. तेव्हापासून आमच्या जिन्यावर पाच-सहा मांजरं काकूंच्या दाराकडे तोंड करून बसलेली असतात. पोस्टमन त्यांना ओलांडून जातो.

"थंडी खाऊ दे" हे काकूंचं ब्रीदवाक्य. बंगालीत माणूस पाणी 'खातो', सिगारेटही 'खातो', मग थंडीनेच काय घोडं मारलंय, असा त्यांचा सवाल असतो. डिसेंबरात सारं कोलकाता माकडटोप्या चढवतं. आमचा रखवालदार तर टोपी, त्यावर मफलर आणि त्यावर पुन्हा टोपी घालतो. काकू त्याच्यासमोर बिनस्वेटरच्या उभ्या राहून म्हणायच्या, "थंडी खायला शीक. थंडी खाल्ल्याशिवाय माणूस फुलत नाही." माझी मुलगी शिंकली तरी हाच उपदेश. माझं प्रमोशन हुकलं तेव्हाही हाच. त्या वेळी तो मला बरा वाटला होता, हे खरं.

आता मंदारबद्दल सांगायला हवं. मंदार हा काकूंचा एकुलता एक मुलगा, पुण्याला असतो. काकू बदलीवर कोलकात्यात आल्या तेव्हा तो कडेवर होता. इथल्याच गल्लीत फुटबॉल खेळून वाढला, त्यामुळे त्याचं मराठी अजून बंगाली वळणाचं आहे. काका गेल्यापासून त्याचं एकच पालुपद, "आई, तू आता इकडेच ये, कायमची." त्याने आईसाठी खोली रंगवून घेतली, पुढे छोटी बाल्कनीही आहे. मुलगा गुणी, सून त्याहून गुणी. नाही म्हणायला कारण सापडेना, तेव्हा काकूंनी शब्द दिला, "एवढा कांदा फुलला की येते. मध्येच हलवला तर मरेल तो."

आणि काकूंचा शब्द म्हणजे शब्द. मग दर रविवारी व्हिडिओ कॉल. फोन धरायला मी, कारण काकूंनी धरला की मंदारला फक्त पंखा दिसतो.

"आई, फुललं?"

"मुदत ठेव आहे ती. मुदतीआधी मोडत नाहीत."

सरस्वतीपूजा झाली. दोलचे, म्हणजे इथल्या होळीचे, रंग उडाले, धुवून निघाले. पंखे गरगरायला लागले, रखवालदाराने शेवटची टोपीसुद्धा उतरवली. काकूंचा बर्फ मात्र वाढत चालला. पूर्वी एक पिशवी आणायच्या, आता दोन. मी इंटरनेटवर थोडं वाचलं आणि शहाणपणा केला, "काकू, थंडी पुरेशी झाली की त्याला बाहेर उबेत आणायचं असतं म्हणे."

"शाखा कोण चालवतंय, तू की मी?"

मी शाखेतून बाहेर पडलो.

त्याच आठवड्यात काकूंना सपाटून सर्दी झाली, वर ताप. रोज बर्फात हात घातल्यावर दुसरं काय होणार. तरी चप्पल पायात सरकवायला निघालेल्या. माझी बायको ऋचा हिने त्यांना दटावून झोपवलं आणि पिशव्या माझ्या हातात दिल्या. मीही शाकाहारी. श्वास रोखून बाजारात गेलो. निमाईदांनी आधी माशिमांची चौकशी केली. मग ताप किती आहे विचारलं, औषध कुणी दिलं विचारलं, आणि आल्याचा एक मोठा तुकडा बर्फावर ठेवला. शेजारच्या कोळंबीवालीनेही विचारलं, तिच्यापलीकडच्या बाईनेही. मी या शहरात चार वर्षं आहे. मला ताप आला तर बाजारात कुणाला पत्ता लागणार नाही.

परत येऊन मी खोक्याचं झाकण काढलं आणि बघतच राहिलो. कुंडीत हिरवं टोक वर आलेलं होतं, आणि त्याच्या आत घट्ट गुंडाळलेली निळी कळी. कालपरवाची नव्हे, चांगली जून, तयार. एक दिवस उजेडात ठेवली असती तरी उमलली असती.

मागे काकू शाल पांघरून उभ्या होत्या.

"झाकण लाव," त्या म्हणाल्या. "ऊब जाते आत."

"काकू, कधीपासून आहे ही?"

"दोलच्या आधीपासून."

त्या खुर्चीत बसल्या. "मंदार किती चांगला आहे रे," त्या म्हणाल्या. "म्हणून तर अवघड आहे. वाईट असता तर एका वाक्यात नाही म्हटलं असतं. तिथे मला काही कमी पडणार नाही. पण तिथे मी मंदारची आई. इथे खाली उतरले की दहा जण भांडायला असतात माझ्याशी."

मी झाकण लावलं आणि वरून आणखी थोडा बर्फ दाबला. दुसरं काय करणार.

पण ते फूल डोंगरातलं. बर्फाला भिणारं असतं तर तिकडे उगवलंच नसतं. रविवारी सकाळी काकूंनी झाकण उघडलं तर ते बर्फातच उमललेलं होतं. तीन पाकळ्या खाली, तीन वर, पिवळा पट्टा लखलखीत. काकू त्याच्याकडे कितीतरी वेळ बघत होत्या. खूश होत्या आणि हरल्याही होत्या. मांजरं आत शिरली तरी त्यांना हाकललं नाही.

मंदारचा कॉल आला. मी फोन मुद्दाम पंख्याकडे वळवला. काकूंनी माझं मनगट धरून तो फुलाकडे वळवला. शब्द म्हणजे शब्द.

"अरे वा," मंदार म्हणाला. "म्हणजे पाडव्याला तू इथे."

"हो," काकू म्हणाल्या. "म्हटलं होतं ना."

तेवढ्यात दारात निमाईदा. ठेला सोडून, लुंगी खोचून, हातात पाणी ठिबकणारी पिशवी. माशिमा इतके दिवस दिसल्या नाहीत म्हणून स्वतःच आलेले. त्यांनी फूल पाहिलं आणि हात जोडले. मग हातातल्या पिशवीकडे पाहिलं, आणि आवाज एकदम उतरला.

"ताहोले काल थेके आर बोरोफ लागबे ना, माशिमा?"

उद्यापासून बर्फ नको, एवढंच त्यांनी विचारलं होतं. ज्या बाईने भल्याभल्यांना कर्ज नाकारलं, तिला एका कोळ्याला नाही म्हणता येईना. त्या चष्मा काढून पदराने पुसत राहिल्या.

फोन माझ्या हातातच होता. मंदार सगळं बघत होता. मग तो जे बोलला ते मराठीत नव्हे, ज्या भाषेत तो खालच्या गल्लीत वाढला त्या भाषेत बोलला.

"लागबे, निमाईदा," तो म्हणाला. "रोज लागबे. माके रोज देबेन." लागेल. आईला रोज द्या.

निमाईदांनी फोनकडे बघून मान डोलावली. ऋचाने माझ्याकडे पाहिलं. काकूंनी चष्मा डोळ्यांवर चढवला, नाक ओढलं आणि माझ्यावर खेकसल्या, "बघत काय बसलायस समीर, पिशवी घे त्यांच्या हातातली. बर्फ वितळतोय."