डाळ काय म्हणते?

आमच्या शेजारचे बापटकाका नवीन पुस्तक आणलं की आधी माझ्या डाळीवर चालवून बघतात.

म्हणजे असं. मी कुकर लावला की काका स्टूल घेऊन आमच्या स्वयंपाकघराच्या दारात बसतात आणि पहिल्या पानापासून मोठ्याने वाचतात. शिट्टी झाल्यावर मी लगेच गॅसकडे वळले तर पुस्तक नापास. शिट्ट्या होत राहिल्या आणि मी हातात झारा घेऊन ऐकतच उभी राहिले तर पास. मधेच न राहवून "मग?" म्हणाले तर पहिल्या नंबराने पास.

"वहिनी, डाळ काय म्हणते?" हा त्यांचा रोजचा प्रश्न.

"शिजली."

"म्हणजे पुस्तक कच्चं."

मी शाळेत गेले चौथीपर्यंत. कोपर स्टेशनजवळच्या आमच्या बिल्डिंगमध्ये एवढी शिकलेली माणसं असताना मलाच का धरतात, हे विचारायचा मला धीर नव्हता. एकदा काका आपणहूनच म्हणाले, "शिकलेले लोक कंटाळा आला तरी वा वा करतात. तुम्हाला ते जमत नाही."

मला बोलायलाच जमत नाही, हे त्यांना कोण सांगणार?

पास झालेलं पुस्तक काका घरी नेऊन काकूंना वाचून दाखवतात. गेल्या वर्षी काकूंना झटका आला. उजवा हात गेला आणि बोलणं बंद झालं. डॉक्टर म्हणाले, बोलत राहा, येईल वाचा. आता काका बँकेतून रिटायर झालेले. त्यांच्याकडे बोलायला व्याजदराशिवाय दुसरा विषय नाही. म्हणून पुस्तकं.

सुरुवातीला त्यांनी आयुष्य सुधारायची पुस्तकं आणली. एकात होतं, पहाटे उठणारा माणूस यशस्वी होतो. आमच्याकडे पाणी येतं म्हणून मी कायम पहाटेच उठते. यश अजून आलेलं नाही, पाणीसुद्धा कधी कधी येत नाही. दुसरं होतं 'नाही' म्हणायला शिकवणारं. ते काकांनी सगळंच्या सगळं वाचलं. मी ओल्या हातांनी उभी होते, दूध उतू जात होतं, पण "काका, आता नको" काही म्हणता आलं नाही. पसारा कमी कसा करावा यावर तर त्यांच्याकडे इतकी पुस्तकं झाली की ती ठेवायला नवीन कपाट आणलं.

मग कादंबऱ्या सुरू झाल्या. स्टेशनजवळच्या दुकानात काकांनी विचारलं, "डाळ करपेल असं काही आहे का?" दुकानदाराने पाककृतींचं पुस्तक पुढे केलं. काकांनी तेही आणलं. माझी डाळ त्या दिवशी फार छान झाली.

आमचे हे जेवायला बसले की पहिला घास घेऊन म्हणतात, "चांगली झालीय. म्हणजे बापटांना आज पण भिकारच मिळालं."

गेल्या आठवड्यात काकांनी एका नवीन लेखिकेची कादंबरी आणली. ऐन हळदीच्या दिवशी नवऱ्यामुलाच्या आईची कवळी चोरीला जाते. सगळ्यांचा संशय नवरीवर, आणि नवरी तर तोंडच उघडायला तयार नाही.

"मग?" मी ओरडलेच.

कुकरमधून काळा वास आला. काकांनी फटकन पुस्तक मिटलं. "पास!" म्हणाले आणि स्टूल उचलून गेले. माझी कवळी तिथेच राहिली.

दुपारी मला राहवेना. वाटीत थोडा शिरा घेतला आणि त्यांच्याकडे गेले. दार उघडंच होतं. काका पलंगाशी बसून वाचत होते. काकू नेहमीसारख्या भिंतीकडे बघत होत्या. कवळीपाशी येऊन काका पाणी प्यायला थांबले.

"मग," काकू म्हणाल्या.

जाड, घोगरा आवाज. पण शब्द स्पष्ट.

काका ताडकन उठले, धावत बाथरूममध्ये गेले आणि लाल प्लॅस्टिकचा मग घेऊन आले, पाण्याने भरलेला. "हा घे, मालू, हा घे! तोंड धुवायचंय? चूळ भरायचीय?"

काकूंनी डाव्या हाताने मगाला असा फटका मारला की अर्धं पाणी काकांच्या लेंग्यावर. आणि परत, रागाने, "मग!"

"आणतो, दुसरा आणतो!"

"अहो काका!" मी दारातूनच ओरडले. एवढ्या मोठ्याने मी माझ्या लग्नात नावसुद्धा घेतलं नव्हतं. "बादलीतला नाही हो, पुस्तकातला मग!"

काका थांबले. काकूंकडे बघितलं. काकूंचं बोट पुस्तकावर होतं.

काका खाली बसले. त्यांना पान सापडेना. चष्मा काढला, पुसला, परत घातला, तरी सापडेना. शेवटी पुस्तक माझ्यापुढे धरून म्हणाले, "वहिनी, जरा तुम्ही वाचा. मला दिसत नाहीये काही."

मी शिऱ्याची वाटी खाली ठेवली आणि बोट ठेवून, अडखळत वाचायला लागले. काकूंना माझा वेग सोसवेना. दर ओळीला, "मग?"

काका तो मग दोन्ही हातांनी छातीशी धरून बसले होते. त्यातलं उरलेलं पाणी सदऱ्यावर सांडत होतं.