दत्तोबांची शार्दूल

दत्तोबांकडे पाहुणा आला की ते आधी पाहुण्याचा चेहरा बघत नसत, गाडी बघत. "या, बसा", तांब्याभर पाणी, हे सगळं नंतर. आधी खांद्यावरचा टॉवेल झटकून अंगणात उतरायचे, पाहुण्याच्या मोटारसायकलभोवती एक फेरी मारायचे, इंजिनाखाली वाकून जमिनीवर तेलाचा थेंब पडलाय का ते बघायचे, आणि मग घरात येऊन पाहुण्याला त्याचाच स्वभाव सांगायचे.

"तुमी पगारदार. बायकोला इचारल्याबिगर काय करत न्हाई. बरोबर का?"

पाहुणा ओशाळून हसायचा. अंदाज बरोबर निघाला तर दत्तोबा म्हणायचे, "गाडी खोटं बोलत न्हाई राव." चुकला तर म्हणायचे, "मग गाडी तुमची न्हाई. मागून आणलीया."

दत्तोबा माझ्या बायकोचे थोरले भाऊ. राहायला अवसरी बुद्रुकला, मळ्यातल्या घरात. मी मंचरला एका बटाट्याच्या आडतीवर हिशेब लिहितो. नात्याने मी त्यांचा दाजी, आणि त्यांच्या शास्त्राप्रमाणे मी सगळ्यात खालच्या वर्गात मोडत होतो, कारण माझ्याकडे किरण होती.

नव्वदीच्या त्या वर्षांत आमच्या जुन्नर-आंबेगाव भागात मोटारसायकली तीन प्रकारच्या, आणि दत्तोबांच्या मते माणसंही तीनच प्रकारची. शार्दूल म्हणजे काळी, जड, धुगधुग करत जाणारी. ती मर्दाची. बिजली म्हणजे धूर सोडत किंचाळत जाणारी, दोन्ही बाजूंना दुधाच्या किटल्या लटकवलेली. ती घाईतल्या माणसाची. आणि किरण म्हणजे हलकी, बिनआवाजी, पेट्रोल वाचवणारी. ती मास्तरांची, कारकुनांची आणि जावयांची. मी कारकूनही होतो आणि जावईही.

"दाजी, शिलाई मशीन कुठं लावली?" हे ते मला मंचरच्या भर बाजारात, रस्त्याच्या पलीकडून विचारत. माझ्या किरणला ते शिलाई मशीनच म्हणत.

मी आकड्यांनी उत्तर द्यायचो. "भाऊ, माझी लिटरला अडुसष्ट देते. मी तीन वेळा टाकी रिकामी करून मोजलंय. तुमची पंचवीस देते."

"वाघाला काय लिटरवर मोजत्यात का?"

लोक हसायचे. मी कांद्याच्या ढिगाकडे बघायचो. माझं म्हणणं बरोबर असूनही लाज मलाच का वाटावी, हे मला कधी कळलं नाही.

त्यांच्या तोडीचा माणूस गावात एकच होता, बाळू दूधवाला. त्याची बिजली. पारावर दोघांची गाठ पडली की आजूबाजूचे लोक चहा सोडून ऐकत बसत.

"दत्तोबा, तुमची शार्दूल चालू व्हईस्तवर माझं दूध डेअरीत पोचून त्याचं दही लागतंय."

"तुझी बिजली चालली की आख्ख्या गावातलं डास मरत्यात. तेवढा एक उपकार हाय तुझा."

बाळूशी ठीक होतं. पण दत्तोबांना जागेचं भान नसे. एकदा आम्ही एका नातेवाईकाच्या दशक्रियेला नदीवर गेलो होतो. पिंड ठेवले, सगळे लांब उभे राहिले, आणि कावळा शिवेना. मुलांनी हात जोडून सांगितलं, आईला सांभाळू, धाकट्याचं लग्न करू, जमीन विकणार नाही. कावळे समोरच्या बाभळीवर बसून होते. ऊन डोक्यावर आलं. तेव्हा दत्तोबा सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "कसा शिवंल? आप्पानं शेवटी शेवटी शार्दूल इकून किरण घेतली. ते लागलंय त्याच्या जिवाला."

मी त्यांचा सदरा ओढला. त्यांनी तो सोडवून घेतला, दोन पावलं पुढे गेले आणि हात जोडून म्हणाले, "आप्पा, पोरं परत शार्दूल घेत्याल. या आता."

कावळा आला. मी हिशेबाचा माणूस आहे. कावळ्याचं मला काही सांगता येणार नाही. पण आप्पांच्या थोरल्या मुलाने माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं, ती मला अजून आठवते. मी पुढे वर्षभर त्या घरी गेलो नाही.

आणखी एक खोड होती. आडतीवर आले की ते शार्दूल बंद करत नसत. आत चहा चालायचा, बटाट्याच्या भावाची चौकशी व्हायची, बाहेर गाडी एकटी धुगधुगत असायची. मी एकदा कागद घेऊन त्यांना दाखवलं की असं करण्यात महिन्याला किती पेट्रोल जळतं.

"शार्दूल सारखी बंद करायची नसती," ते म्हणाले. "इमान हाय तिचं. तिला वाटतं, धन्यानं सोडून दिलं."

हमाल हसले. मी कागद घडी करून खिशात ठेवला.

त्यांची बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. घरात ते आणि मुलगी, सुनंदा. दोन वर्षांपूर्वी ते बांधावरून पडले, तेव्हापासून जरा लंगडत. मुलगी कमी बोलणारी, कामाला वाघीण. ती लग्नाची झाली तेव्हा स्थळं आणायचं काम माझ्याकडे आलं, आणि माझ्या आयुष्यातल्या सगळ्यात अवघड दिवसांना सुरुवात झाली. दत्तोबांनी एक परीक्षा काढली होती. कांदेपोहे झाले, नाव-शिक्षण विचारून झालं की ते मुलाला अंगणात नेत आणि शार्दूलपुढे उभं करत.

"चालू करून दावा."

ज्यांनी शार्दूल कधी हाताळली नाही, त्यांना यातलं भय कळायचं नाही. तिच्या दिव्याशेजारी एक छोटा काटा असतो. किक हळूहळू दाबत तो काटा बरोबर मधोमध आणायचा, आणि मग अंगाचा सगळा भार एकदम टाकायचा. काटा जरा इकडे-तिकडे राहिला की किक उलटी येते आणि नडगी फोडते. पहिल्या मुलाला जमलं नाही. दुसऱ्याने बूट तोडून घेतला. तिसऱ्याने चक्क चालू केली, तर दत्तोबा म्हणाले, "रेस लई दिली. पोरगं उधळ्या निघंल." तिन्ही घरांना नकार मीच कळवायचा. काय कारण सांगणार? मी "पत्रिका जुळत नाही" असं सांगायचो आणि फोन ठेवून पाच मिनिटं तसाच बसायचो.

चौथं स्थळ कळंबचं. प्रकाश, शाळेत मास्तर. घर चांगलं, माणसं साधी, हुंड्याचं नाव नाही. सुनंदाने त्याला एका लग्नात बघितलं होतं. ती माझ्या बायकोला म्हणाली, "आत्या, एवढं एक स्थळ बाबांनी घालवू नये असं बघा." आयुष्यात तिने मागितलेली ही बहुधा पहिलीच गोष्ट. बायकोने मला सांगितलं, आणि मला रात्रभर झोप नाही. कारण प्रकाशकडे किरण होती.

मी त्याला निरोप धाडला होता की एस.टी.ने ये. तो आला किरणवरच, मागे चुलत्यांना बसवून. दत्तोबांनी गाडीभोवती फेरी मारली. माझ्याकडे बघितलं. मी भिंतीकडे बघितलं.

"मास्तर, टाकीवर कव्हर शिवून घातलंय?"

"हो. उन्हानं रंग जातो."

"दाजी, तुमचाच भाऊ सापडला राव!"

पोहे झाले. सुनंदा चहाचा ट्रे घेऊन दारात आली, तेवढ्यात दत्तोबा उठले. "चला मास्तर."

कुंपणापाशी बाळू किटल्या उतरवून उभा होता, आणखी पाच-सहा जण होते. ह्या परीक्षेची बातमी गावात आधीच असायची. प्रकाशने चप्पल काढली, किकवर पाय ठेवला. काट्याकडे त्याने बघितलंच नाही. किक उलटी आली, आणि मास्तर मातीत बसले.

"लाथ घातली रं शार्दूलनं!" बाळू ओरडला. कुंपणापलीकडचे सगळे हसले. दत्तोबा हसले. माझ्याही तोंडातून हसू निसटलं, ते मी रुमालाने दाबलं. प्रकाश नडगी धरून बसला होता आणि त्याचे कान लाल झाले होते.

सुनंदाने ट्रे ओट्यावर ठेवला. नेसलेली जरीची साडी तशीच वर खोचून ती शार्दूलपाशी गेली. वाकून काटा बघितला. पायाने किक अलगद खाली दाबली, थांबली, आणि एकाच झटक्यात अंग टाकलं. शार्दूल धुगधुगायला लागली. तिने रेस कमी-जास्त करून आवाज बसवला, रोज करणाऱ्या माणसाच्या हाताने. मग तिला आपण काय केलं ते कळलं असावं. तिने पटकन साडी सोडली आणि खाली मान घालून उभी राहिली.

कुंपणापलीकडचं हसू बंद झालं. प्रकाशचे चुलते उठले.

"पोरगी गाड्या चालू करती व्हय? हे आमाला कुणी बोललं न्हाई." ते माझ्याकडे वळले. "भाऊ, तुमी तर म्हनला गरीब गाय हाय. आमच्या पोराला चारचौघांत खाली बघाय लावलं तिनं. उद्या घरात काय करंल?"

सुनंदाने एकदा वडिलांकडे बघितलं आणि पुन्हा मान खाली घातली. दत्तोबा शार्दूलच्या हँडलला धरून उभे होते. मग त्यांनी हात लांबवून गाडी बंद केली. लोकांदेखत त्यांना गाडी बंद करताना मी दोन वर्षांत बघितलं नव्हतं.

"पावणं, तिचा दोष न्हाई," ते म्हणाले. आवाज अगदी खाली गेला होता. "मी बांधावरून पडलो म्हनून सांगतो ना समद्यांना, ते खोटं हाय. ह्याच गाडीनं उलटी मारली मला. गुडघा गेला. मला किक बसत न्हाई. रोज सकाळी गोठ्यात दार लावून ही चालू करून देती, मग मी भाईर काढतो. कुनाला सांगू नगं म्हनून मीच शपथ घातली तिला."

बाळू किटलीच्या झाकणाशी चाळा करत राहिला. आडतीबाहेर गाडी चालू का असायची, ते मला आता कळलं. ती एकदा बंद पडली की परत चालू करायला मंचरमध्ये सुनंदा नव्हती. आणि तीन स्थळं का परत गेली, तेही कळलं. मी ह्या माणसाला महिन्याचं पेट्रोल मोजून दाखवत होतो.

"तिला नगं म्हनू नका," दत्तोबा चुलत्यांना म्हणाले. "माझ्यामुळं नगं म्हनू नका."

चुलते घुटमळले. तेवढ्यात खाली बसलेला प्रकाश बोलला. "तात्या, बसा खाली. मला तिनं न्हाई पाडलं, गाडीनं पाडलं." मग सुनंदाकडे न बघता म्हणाला, "जरा हळद मिळंल का नडगीला?"

सुनंदा पळतच आत गेली.

"हळद लागली रं मास्तरला!" बाळू म्हणाला, पण हळू. ह्या वेळी हसण्यात चुलतेही होते. दत्तोबा हसले नाहीत. ते गोठ्याकडे निघून गेले आणि पाहुणे जाईपर्यंत गुरांना वैरण घालत राहिले. त्यांना बोलवायला जायचं मला धाडस झालं नाही.

लग्न झालं. सुनंदा कळंबला गेली. दत्तोबा आडतीवर यायचे बंद झाले. मी आपलं मनाशी म्हटलं, कामात असतील. खरं म्हणजे मला जायला तोंड नव्हतं.

शेवटी एका सकाळी गेलो. दत्तोबा अंगणात शार्दूलवर बसले होते. गाडी स्टँडवर, इंजिन बंद, अंगात इस्त्रीचा सदरा, हँडलला मेथीच्या जुड्यांची पिशवी. मला बघताच ते उतरले आणि टॉवेलने टाकी पुसायला लागले.

"धूळ लई बसती," ते म्हणाले.

मला आडतीवर पोचायचं होतं, आधीच उशीर झाला होता. पण मी म्हणालो, "भाऊ, मला कळंबला काम आहे. येता का मागं बसून?"

त्यांनी माझ्या किरणकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग पिशवी काढून घेतली, टॉवेल डोक्यावरून घेऊन डोळ्यांपर्यंत तोंड बांधलं आणि मागे बसले.

गावातून जाताना पारावर नेहमीची मंडळी होती, बाळू होता. अवसरीत त्या सदऱ्याला, त्या बसण्याला कोण ओळखणार नाही? मी मान खाली घालून गाडी चालवत होतो आणि हाकेची वाट बघत होतो. हाक आली नाही. सगळ्यांनी एकदम पलीकडच्या उसाकडे तोंड फिरवलं, जणू तिथे काहीतरी चाललं होतं. दत्तोबांचा हात माझ्या खांद्यावर होता, तो मंचर ओलांडेपर्यंत घट्ट होता.

कळंबला सुनंदाचं घर दिसायला लागलं तसं ते म्हणाले, "इथंच थांबवा दाजी. जातो चालत."

ते उतरले, टॉवेल सोडून खांद्यावर टाकला, सदरा ओढून नीट केला आणि पिशवी घेऊन निघाले. दुखरा पाय ओढत होता, वाट चढाची होती. सुनंदा दारात धान्य पाखडत होती. तिने मान वर केली, वडिलांना ओळखलं, त्यांच्या मागे रस्त्यावर उभ्या असलेल्या माझ्याकडे आणि किरणकडे बघितलं. क्षणभर तिचं सूप थांबलं.

मग ती उठली आणि वडिलांकडे पाठ करून घरात हाका मारायला लागली, "अहो, बाबा आलेत! चहा ठेवते, बाबा आलेत!" ते उंबऱ्याशी पोचेपर्यंत तिने मागे वळून बघितलं नाही.